उतार देवाचा, चढ आपला

मी नाशिक सोडलं ते फुलांच्या टेंपोतून. परदेशी निघालेल्या मुलीला लोक चांगली गाडी करून विमानतळावर सोडतात. आमच्या नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सरळ सांगितलं की टेंपो रोज मुंबईला जातोच आहे, वेगळी गाडी कशाला? मग मखमलाबादच्या आमच्या मळ्यातले गुलाब, शेजाऱ्यांची शेवंती, त्यांच्यात दाबून बसवलेल्या माझ्या दोन बॅगा, आणि पुढे नाना नि मी. आईनं अंगणात माझ्या तळहातावर दही ठेवलं आणि काळ्या मसाल्याची आणखी एक पिशवी बॅगेत कोंबली. नवरा, महेश, आधीच अमेरिकेत पोचला होता. माझ्या अंगाला विमानात बसेपर्यंत शेवंतीचा वास येत होता.

त्या टेंपोचं इंजिन दोन सीटांच्या मधोमध, पत्र्याच्या झाकणाखाली असायचं. ते चालू असलं की शेजारी बसलेल्या माणसाचं बोलणंही कानावर पडायचं नाही. इगतपुरी मागे पडली, घाट सुरू झाला आणि नानांनी नेहमीसारखी गाडी न्यूट्रल करून किल्ली फिरवली. इंजिन बंद. घाटाच्या तोंडाशी पाटी होती, गाडी गियरमध्येच चालवा म्हणून. नाना ती दर खेपेला मोठ्यानं वाचायचे आणि मगच किल्ली फिरवायचे. 'उतार देवाचा, चढ आपला,' हे त्यांचं ठरलेलं वाक्य. देव फुकट खाली नेतोय तर डिझेल कशाला जाळायचं? हे धोक्याचं होतं, चुकीचं तर होतंच. पण तेव्हा पुष्कळ जण तसंच करायचे आणि त्यात कुणाला काही वाटायचं नाही.

आमच्या घरातलं महत्त्वाचं बोलणं मात्र सगळं त्या घाटात झालेलं आहे. इंजिन बंद झालं की वाऱ्याचा आणि टायरांचा तेवढा आवाज राहायचा, आणि एरवी मुखदुर्बळ असलेले नाना बोलायला लागायचे. कॉलेजला जायचं का, हे त्यांनी मला घाटात विचारलं. मुलगा पसंत आहे का, हेही घाटातच. त्यासाठी मला फुलांबरोबर दादरच्या बाजारापर्यंत जाऊन यावं लागलं होतं. मी अमेरिकेला निघाले त्या दिवशी ते शेवटच्या वळणांवर म्हणाले, "तिकडं नाय करमलं तर माघारी ये. लोकांचं मी बघून घेईल."

मी काहीतरी उत्तर दिलं, पण तोवर उतार संपला होता. त्यांनी गियर टाकून क्लच सोडला, इंजिन धडधडलं आणि माझं उत्तर त्या आवाजात गेलं.

हे सगळं आता लिहायला बसले ते एका गाडीमुळे. तुमच्यातले जे तिकडेच राहिले त्यांना वाटेल, अलकाला या वयात हे काय सुचलं. जे माझ्यासारखे निघून आले, ते म्हणतील की पेनसिल्व्हेनियातल्या मराठी बाईनं फार तर मोठी व्हॅन घ्यावी. मी घेतली ती एकाहत्तर सालची, दोन दारांची, बाटलीसारख्या हिरव्या रंगाची गाडी. आठ सिलिंडरचं इंजिन, लांबच लांब बॉनेट, आणि मागच्या सीटवर बसायचं तर योगासनं येत असलेली बरी. इथे अशा गाड्यांना मसल कार म्हणतात. आमचे शेजारी वॉल्टर म्हातारपणी मुलीकडे राहायला निघाले, त्यांच्या गराजमध्ये ती ताडपत्रीखाली उभी होती. मी सहज ताडपत्री उचलली आणि फसले. महेश म्हणाला, हौसेला मोल नसतं हे ठाऊक आहे, पण हौसेला गराजही लागतं. त्याची गाडी तेव्हापासून ड्राइव्हवेवर पावसात उभी असते.

गाडीनं पहिले पंधरा दिवस माझी परीक्षा घेतली. इथल्या माझ्या दुसऱ्या गाडीला बटण दाबलं की संपलं. हिला सकाळी आधी मनवावं लागतं. ॲक्सिलरेटरवर पाय एकदाच पूर्ण दाबायचा, हळू सोडायचा, मग किल्ली. घाईत दोनदा दाबलात तर पेट्रोलचा भपका येतो आणि बाईसाहेब रुसून बसतात. मग गपचूप थांबायचं. दार बंद करताना जरा वर उचलावं लागतं. पेट्रोलचा काटा अर्ध्यापर्यंत खरं बोलतो आणि पुढे थापा मारतो. सिग्नलला उभी असली की सगळी गाडी डुगडुगते, आणि पाय दाबला की नाक वर करून पळते. स्टिअरिंग मात्र इतकं हलकं की एका बोटानं फिरावं. आपण ते फिरवतो आहोत की ते आपल्याला, हा प्रश्न मला पहिल्या दिवसापासून पडला होता. रोज काहीतरी नवं कळायचं आणि मी संध्याकाळची वाट बघायचे.

आईला जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. नाना मळ्यात एकटे. चुलतभाऊ दत्तू शेजारी राहतो आणि फुलांचं बघतो, पण माझा जीव इथे टांगणीला. मी आणि महेशनं ठरवलं की नानांना कायमचं इकडे आणायचं. उन्हाळ्यात ते आले ते भेटीचा व्हिसा घेऊन, पण कायमच्या मुक्कामाची कागदपत्रं मी वकिलाकडून तयार करून ठेवली होती. त्यांच्या एका होकाराची खोटी होती. खोली तयार, मराठी चॅनेल तयार, गुडघ्याला बरी म्हणून उंच खुर्ची तयार. नाना हो म्हणेनात आणि नाहीही म्हणेनात. विचारलं की 'बघू' म्हणायचे आणि खिडकीतून दुसऱ्याच्या लॉनकडे बघत बसायचे. टेंपोत उभा जन्म काढलेला माणूस हळूहळू खुर्चीत खचायला लागला. चहाचा कप उचलतानासुद्धा तो जड असल्यासारखा उचलायचे.

ते पहिल्यांदा हसले ते गाडी बघून. आधी तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. टायर दाबून पाहिले, बॉनेट उघडायला लावलं आणि आत वाकून बराच वेळ बघत राहिले. डिकी उघडल्यावर म्हणाले, "कोथिंबीर मस बसंल हिच्यात." मग मी चालवायला घाई करते म्हणून रागावले. "नवं जनावर आणलं का लगेच औताला जुंपती का? आधी त्याची खोड वळखायची."

मग आम्ही दोघं तिच्या खोडी ओळखायला लागलो. संध्याकाळी मी कामावरून आले की नाना गराजमध्ये उभे असायचे. डावीकडचा इंडिकेटर दिवे लावले की झोपतो, हे त्यांनी शोधलं. गाडी तापल्यावर येणारी बारीक शिट्टी कुठून येते, यावर आमचा वाद चालला आणि शेवटी ती काचेच्या रबरातून येते हे माझं म्हणणं खरं निघालं. ती शिट्टी ऐकायला नानांनी स्वतःला हार्डवेअरच्या दुकानापर्यंत दोनदा फिरवून घेतलं. गाडीत ते खुश असायचे. पण आठ सिलिंडरच्या आवाजात बोलणं कसलं होतंय? आणि घरात शांतता होती तर ते बोलत नव्हते. कागदपत्रं टेबलावर तशीच. पानझडीला सुरुवात झाली, त्यांच्या परतीची तारीख जवळ आली, आणि मला उत्तर हवं होतं.

आमच्या गावाबाहेर एक टेकडी आहे. वर चढून गेलं की पलीकडे जंगलातून रस्ता लांबवर खाली उतरतो. एका रविवारी मी नानांना तिकडे घेऊन गेले. माथ्यावर पोचलो, समोर रिकामा उतार दिसला, आणि मला एकदम घाट आठवला. मला वाटलं, इंजिन बंद झालं की हा माणूस बोलेल. पुढचा विचार मी केलाच नाही. न्यूट्रल केलं आणि किल्ली फिरवली.

शांत झालं. टायरांचा आवाज, खिडकीतून वारा. नानांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला रडू यायला लागलं. "उतार देवाचा," ते म्हणाले.

पुढचं वाक्य राहून गेलं, कारण वळण आलं. मी स्टिअरिंग फिरवलं आणि ते जात्यासारखं जड लागलं. ज्याला एक बोट पुरत होतं ते दोन हातांनी हलेना. टेंपोचं स्टिअरिंग मुळातच जड, त्याला इंजिन चालू काय नि बंद काय, सारखंच. हिचं हलकेपण सगळं इंजिनाच्या जोरावर होतं आणि तो जोर मीच काढून घेतला होता. ब्रेकचंही तेच. गाडी रस्त्याच्या कडेला, झाडांकडे निघाली. नानांनी शेजारून हात घातले आणि आम्ही बापलेक मिळून ते चाक ओढलं. "ब्रेक दाबून धर, सोडू नको," ते म्हणाले. मी दोन्ही पायांनी उभी राहिल्यासारखी ब्रेकवर राहिले. कडेच्या खडीत चाकं फरफटली आणि गाडी थांबली. पुढचं चाक गवतात होतं.

नाना खाली उतरले, पुढे जाऊन चाक बघितलं, आणि बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. मी त्यांची माफी मागायला लागले. म्हटलं, तुम्हाला काही झालं असतं तर मी दत्तूला काय तोंड दाखवलं असतं. त्यांनी मला बोलू दिलं. मग म्हणाले, "गाडीची चूक नाय, अलके. तिला चालू राह्याची सवय हे. बंद केली का ती जड व्हणारच."

माझ्याकडे न बघता त्यांनी पुढचं सांगितलं. "मी बी तसाच झालोय इथं. तू लय करती माझं, म्हणून बोलवत नव्हतं. पण तू मला बंद करून उताराला सोडलंय."

मला वाईट वाटलं, अगदी आतून वाटलं. माझी खोली, माझी खुर्ची, माझे कागद, सगळं त्या गवतात येऊन थांबलं होतं. तिथेच उभं राहून ते मग गुलाबाच्या छाटणीचं बोलले. छाटणी तोंडावर आलीय, दत्तू फांदीचा कोंब फुटायचा डोळा सोडून भलतीकडेच कात्री लावतो, आणि तुझ्या आईनं लावलेली जुनी झाडं त्याच्या हाती द्यायची म्हणजे जिवावर येतं. एवढं ते माझ्याशी सगळ्या उन्हाळ्यात बोलले नव्हते. मी ऐकत राहिले. नंतर गाडीत बसलो, पाय एकदाच दाबला, हळू सोडला, आणि पहिल्याच किल्लीला ती चालू झाली.

विमानतळावर जायला महेशनं त्याची मऊ सीटांची गाडी काढली होती. नाना म्हणाले, हिरवीच काढा. महेश बिचारा मागच्या सीटवर गुडघे हनुवटीला लावून बसला. वाटेत इंजिनाच्या आवाजात बोलता येण्यासारखं नव्हतंच. प्रवाशांना सोडतात तिथे मी गाडी नीट उभी केली, गियर 'पार्क'वर टाकला, मगच इंजिन बंद केलं. महेश बॅगा काढायला उतरला. तेवढ्या शांततेत मी म्हणाले, "नाना, तिकडं नाय करमलं तर माघारी या. लोकांचं मी बघून घेईल."

ते हसले. त्यांच्या लक्षात होतं. माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि दार बंद करताना ते जरा वर उचलायला विसरले नाहीत.

आता ते सकाळी मळ्यात असतात. वाकणं जमत नाही म्हणून स्टुलावर बसून छाटतात, असं दत्तू सांगतो. फोन आला की पहिला प्रश्न गाडी कशी आहे, मग मी कशी आहे. मी तिची नवी खोड सांगते, ते मळ्याची. इतकी वर्षं मला वाटायचं की घर एक तर तिकडे आहे किंवा इकडे, आणि एका माणसाला ओढून आणलं की हा हिशेब मिटेल. तो तसा मिटत नाही. टेकडीच्या माथ्यावर आले की माझा हात अजून किल्लीकडे जातो. मी तिला नुसतं बोट लावते आणि हात परत स्टिअरिंगवर ठेवते. माघारी ये म्हणणारं एक माणूस मला तिकडे आहे आणि त्यांना इकडे. तेवढ्या भरवशावर आम्ही दोघंही आपापल्या चढाला लागलो आहोत.