समेट झाल्यावरच पान उलटा

आमचे हे पुस्तक वाचत नाहीत, सोडवतात.

सगळी नोकरी परीक्षा विभागात गेली. प्रश्नपत्रिकेच्या वरच्या सूचना न वाचता उत्तरं लिहायला घेणारा मुलगा त्यांच्या लेखी गुन्हेगार. वारज्याच्या आमच्या सोसायटीत निवृत्त माणसं एक तर शेअर बाजार बघतात, नाहीतर टँकरवरून भांडतात. ह्यांनी अभिजात साहित्य घेतलं. तेही साधं नाही, मार्गदर्शित आवृत्तीतलं. म्हणजे डाव्या पानावर मजकूर, उजव्या पानावर टिपा आणि प्रकरण संपलं की स्वाध्याय. तो पुरा केल्याशिवाय श्यामसुंदर नावाचा हा माझा नवरा पान उलटणार नाही. मी म्हटलं, "अहो, तपासायला कोण येणार आहे?" तर म्हणाले, "म्हणून काय चिटिंग करायचं?"

आधी ग्रीक शोकनाटक झालं. स्वाध्यायात लिहिलेलं, विलापगीत समूहाने म्हणावे. समूह आणायचा कुठून? ह्यांनी बागेतला हास्यक्लब गाठला. त्या भल्या माणसांनी सकाळी सकाळी हसायचं सोडून असा काही गळा काढला, की वॉचमन काठी घेऊन धावत आला. कोण गेलं म्हणून समोरच्या बिल्डिंगमधल्या चार बायका खाली उतरल्या. हे शांतपणे म्हणाले, "राजा गेला. आपल्या ओळखीतला नव्हे."

मग इजिप्तच्या वाळवंटातले एक जुने ख्रिस्ती तपस्वी घरात आले. सोळाशे वर्षांपूर्वीचे बाबा, त्यांच्या प्रवचनांची मार्गदर्शित आवृत्ती. सोसायटीत कुजबुज झाली. एकांनी तोंडावर विचारलंच, "काय, धर्म बदलताय की काय?" हे म्हणाले, "नाही, फक्त लेखक बदललाय."

दुसरं प्रकरण उपासाचं. बाबा दिवस मावळल्यावर कोरडी भाकरी आणि मीठ खायचे. ह्यांनी चष्मा काढला. "भाकरी? उपासाला? एवढे मोठे तपस्वी आणि धान्य खातात?" मग बाबांची चूक ह्यांनी सुधारून घेतली आणि सगळा उपास साबुदाण्याच्या खिचडीवर केला. वर दाण्याचं कूट, वाटीभर दही, बटाट्याचा पापड. वाळवंटातला उपास संपेपर्यंत माणसाच्या पँटचं बटण लागेना.

सहा प्रकरणं अशी गेली. सातव्याला गाडी अडली. स्वाध्याय असा होता: ज्या आप्ताशी तुमचा अबोला आहे, त्याच्याकडे जा. समेट झाल्यावरच पान उलटा.

आता आमच्या घरात अबोला कुणाशी, हे साऱ्या बिल्डिंगला ठाऊक. ह्यांचा सख्खा धाकटा भाऊ माधव आमच्या डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये राहतो. सासूबाईंच्या पंचाहत्तरीची पत्रिका भावजींनी छापली आणि खाली घातलं, 'आपले, माधव आणि इतर कुटुंबीय'. "मी इतर?" एवढंच हे म्हणाले. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. सासूबाई गेल्या तेव्हाही दोघं शेजारी शेजारी उभे होते, आणि बोलत होते माझ्यामार्फत. मला त्या दिवशी दोघांचा भयंकर राग आला होता. तो अजून उतरलेला नाही.

हे इस्त्रीचा शर्ट घालून, पुस्तक घेऊन वर गेले. मी मागोमाग. माझ्या जावेनं, कुसुमनं, दार उघडलं. ह्यांनी उंबऱ्याबाहेर उभं राहून पान क्रमांकासकट सूचना खणखणीत वाचून दाखवली.

भावजी खुर्चीतून हलले नाहीत. मला म्हणाले, "वहिनी, विचारा त्यांना, हे मनात आलंय की पुस्तकात आलंय?"

"नीरजा, सांग. पुस्तकात आलंय, मला मान्य आहे."

"मग पुस्तक बघू."

भावजींनी पान वाचलं, मागे चाळलं आणि मान हलवली. "वहिनी, हे सातवं प्रकरण. आधीची सहा न करता मी एकदम सातवं कसं सोडवू?"

मी कपाळाला हात लावला. एकाच आईची लेकरं ती. ह्यांचा चेहरा मात्र उजळला. "मुद्दा बरोबर आहे म्हणावं," म्हणाले, आणि पुस्तक तिथेच ठेवून खाली आले.

दुसरी प्रत कुठे मिळेना. एक पुस्तक अर्धवट असताना दुसरं उघडायचं नाही, हा ह्यांचा नियम. म्हणजे आता वाचन बंद. वाचन बंद म्हणजे ह्यांचं सगळंच बंद. दिवसभर मांडीवर हात ठेवून छताकडे बघत बसायचे. जेवण दोन घासांवर आलं. भावजींनी मुद्दाम पुस्तक दाबून ठेवलं तर हा माणूस असाच बसून राहील, ह्या भीतीनं मला झोप येईना.

पण भावजी सोडवत होते. निरोपांवर निरोप यायला लागले.

"वहिनी, विचारा, दुसऱ्या प्रकरणाला वरी चालते का?"

"चालेल म्हणावं. मी साबुदाण्यावर केलं. वरीनं उपास जरा कडक होईल, पण त्यांची इच्छा."

एकदा कुसुम जिन्यात भेटली, डोळ्यांत पाणी. चौथ्या प्रकरणात 'प्रिय वस्तूचा त्याग करा' असं होतं. भावजींनी तिचा मिक्सर देऊन टाकला होता. "अहो, प्रिय वस्तू स्वतःची द्यायची असते ना?" ती म्हणाली. हे ऐकून ह्यांनी वर कळवलं की ते उत्तर चूक आहे. मग भावजींनी आपला जुना रेडिओ दिला. मिक्सर काही परत आला नाही.

शेवटी एका रविवारी दुपारी बेल वाजली. काखेत पुस्तक घेऊन भावजी दारात, मागे कुसुम. सोफ्यावर टेकत मला म्हणाले, "वहिनी, सहा झाली. सातवं आलं."

हे समोर येऊन बसले. मी दोघांच्या मध्ये तयारीत उभी राहिले, कारण आता निरोप माझ्याकडेच येणार. पण ह्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही.

"करायचा का?" ह्यांनी थेट भावजींना विचारलं.

"करू."

"झाला?"

"झाला."

पोस्टात रजिस्टर पत्र सही करून घेतल्यासारखा समेट झाला. दोघांनी पुस्तक मध्ये धरलं आणि पान उलटलं. आठवं प्रकरण, मौन. हे प्रकरण पूर्ण होईपर्यंत कोणाशीही एक शब्दही बोलू नये.

माझं डोकंच फिरलं. इतकी वर्षं ह्या दोघांनी दुसरं केलं काय? ते बाबा समोर असते तर मी त्यांना दोन शब्द सुनावले असते. भावजींनी मात्र सूचना नीट वाचली, ओठ मिटले, आणि सोफ्याचा हात धरून उठायला लागले. निघाले वर, मौन पाळायला.

हे त्यांचं उठणं बघत होते.

"गुडघा दाखवलास का कुणाला?"

भावजींनी पुस्तकाकडे बोट केलं.

"ते राहू दे," हे म्हणाले आणि पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. "चालताना एक पाय घासतोस तू. खाली ऐकू येतं. पावसाळ्यापासून ऐकतोय मी."

भावजी परत खाली बसले.

"डावा आहे, दादा," ते म्हणाले. "फार दुखतो रे."