मास्तर कुत्र्याचं माप घेतात

आमचे मास्तर शाळेचे नव्हेत, शिलाईचे. तीस वर्षं ते लोकांची मापं घेतायत आणि तीस वर्षं मी त्यांची बडबड ऐकतेय. म्हणजे ऐकत होते. गिऱ्हाइकाची छाती मोजता मोजता त्याच्या जावयापासून गुडघेदुखीपर्यंत सगळं विचारायचे, आणि दुकान बंद करून वर घरात आले की तेच सगळं मला पुन्हा सांगायचे. मी वैतागून म्हणायची, "अहो, त्या जिभेला जरा सुट्टी द्या!"

दिली की. आमची एकुलती एक लेक नोकरीसाठी लांबच्या शहरात गेली आणि मास्तर मूग गिळून बसले. भाजी वाढू? मान हलली. मीठ बरोबर आहे? मान हलली. लेकीचा फोन आला की "बरं आहे" एवढं म्हणून फोन माझ्या हातात. दुकानातसुद्धा "छाती अडतीस, बाही तेवीस" यापलीकडे शब्द नाही. पाच महिने! एकदा मी मुद्दाम त्यांच्यासमोर त्यांच्या बहिणीला नावं ठेवली. तरी भांडले नाहीत. तेव्हा मात्र मी खरंच घाबरले. म्हटलं, हा माणूस असाच गप्प गप्प संपून जायचा.

मग मी ठरवलं, घरात कुत्रा आणायचा. बायकोशी नाही तर नाही, कुत्र्याशी तरी बोलतील.

कोपऱ्यावर प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई आहेत, मास्तरांना तिथे घेऊन गेले. त्यांच्याकडे दोन कुत्रे घर शोधत होते. एक डॅशहुंड, दोन वर्षांचा, हातभर लांब आणि पाय म्हणाल तर नावापुरते. दुसरं ग्रेट डेनचं पिल्लू. चार महिन्यांचं पिल्लू, पण पंजे बशीएवढे, आणि अंगावरचं कातडं इतकं सैल की थोरल्या भावाचा सदरा घातल्यासारखं. मला बाई डॅशहुंड पसंत होता. कॉटखाली मावेल, चमचाभर खाईल, आणि वाढून झालेला आहे. आमच्या दोनच तर खोल्या.

मास्तरांनी सवयीनं गळ्यातली टेप काढली आणि डॅशहुंडाला लावली.

"लांबी अठरा, उंची आठ," ते पुटपुटले. "कापलंय कोणी हे?"

स्वतःहून बोललेलं पाच महिन्यांतलं पहिलं वाक्य! मी श्वास रोखून उभी. मास्तर पिल्लाकडे वळले. त्याच्या मानेचं कातडं चिमटीत धरून बघितलं आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "याच्यात माया किती आहे?"

डॉक्टरीणबाई विरघळल्या. "अहो काका, काय सांगू! नुसती ठासून भरलीय!"

मास्तरांचा चेहरा पडला. "मग नको. आम्हाला माया नसलेला पाहिजे."

"काय?"

"हा बघा," डॅशहुंडाची पाठ चाचपत मास्तर म्हणाले, "याच्यात अजिबात नाही. हा चालेल."

डॅशहुंड उठला आणि टेबलाखाली निघून गेला. बाई लालबुंद. "माया नको तर कुत्रा कशाला हवा? दगड पाळा की! मी तुम्हाला उंदीरसुद्धा द्यायची नाही. या आता!"

मी कपाळाला हात लावला. "अहो बाई, थांबा! ही शिंप्याची माया! कपड्याच्या शिवणीत जास्तीचं कापड आत दुमडून ठेवतात ना, पुढे उसवून कपडा मोठा करायला, त्याला माया म्हणतात. हे विचारतायत, कुत्रा अजून किती वाढणार!"

बाई हसता हसता खुर्चीत बसल्या. "असं होय! मग त्याच्यात खूप आहे. मागच्या पायांवर उभा राहिला तर तुमच्या खांद्यावर पंजे टाकेल. पण काका, वाढला तर बिघडलं कुठे?"

मास्तर टेपेचं टोक बोटाला गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "लेकीच्या प्रत्येक फ्रॉकला मी चार बोटं माया ठेवायचो. दर वर्षी उसवायचो. गिऱ्हाइकांना बोलावून दाखवायचो, बघा, पोरगी कशी वाढतेय. आणि एक दिवस बॅग उचलून गेलीच की. आता मला वाढणारं काही नको. वाढलं की जातं."

मी इतके दिवस समजत होते की हा माणूस माझ्यावर चिडलाय. मलाच माझी लाज वाटली.

बाईंनी चष्मा पुसला. "काका, मुलीला नोकरी लागते म्हणून ती जाते. ग्रेट डेनला कोण नोकरी देतंय?"

तेवढ्यात पिल्लू आलं आणि अख्खं अंग टाकून मास्तरांना रेललं. मास्तर धप्पकन खाली बसले, पिल्लू त्यांच्या मांडीवर बसलं, आणि टेपेचे पहिले सहा इंच चावून खाल्ले. मास्तर हसले. चांगले खदखदून हसले.

"हाच," ते म्हणाले.

"अहो, आपल्या दोन खोल्या!"

"सरकून बसू गं."

त्या क्षणी त्यांनी हत्ती मागितला असता तरी मी हो म्हटलं असतं. डॅशहुंडाला बाईंनी स्वतःकडेच ठेवून घेतलं. त्याचा अपमान झाला होता बिचाऱ्याचा, तो काही टेबलाखालून बाहेर आला नाही.

याला आता आठ महिने झाले. मास्तर दिवसभर त्या धटिंगणाशी बोलतात, आणि मी मध्ये बोलले तर मलाच गप्प करतात. काल लेकीचा फोन आला तो माझ्या आधी यांनीच झडप घालून उचलला. पाऊण तास! कुत्र्याने कोणाच्या विजारीचा पाय फाडला, कोणतं गिऱ्हाईक टेबलावर चढलं, सगळं साग्रसंगीत. मी शेजारी हात पुढे करून उभी. मग ती काहीतरी म्हणाली आणि मास्तर थबकले.

"सुट्टीत येतेस? ये की. पण तुझ्या पलंगावर हा झोपतो हं. उठवला तर उठत नाही."

टेपेचं टोक बोटाला गुंडाळलं. मग घसा खाकरला. "माझ्या कॉटवर झोप तू. मी खाली झोपेन. पण ये गं बाई. तुझ्यावाचून घर खायला उठतं."

एवढं एक वाक्य बोलायला या माणसाला पन्नास किलोचा कुत्रा लागला.