बी-श्याताईचं ‘थांबा’

“ताई, घेऊ की थांबू?”

असं विचारत माणसं थेट लो बी-श्याच्या गाळ्यावर यायची. तैपेईचा क्वांगह्वा बाजार, तिसरा मजला, सरकत्या जिन्याला लागून. माझा वायरी-कीबोर्डांचा गाळा तिच्या बरोबर समोर, त्यामुळे सगळं मला बसल्या जागी दिसायचं.

“स्क्रीन केवढा आहे घरी?” ताईचा पहिला प्रश्न.

“साधाच.”

“मग एवढं मोठं ग्राफिक्स कार्ड काय देव्हाऱ्यात ठेवणार? हे हिरव्या खुणेच्या कंपनीचं आज महाग आहे. लालवाल्यांचं तेवढंच काम करतं, स्वस्तात. पण दोन महिन्यांत दोघांचीही नवी येतायत. थांब. जा, जेवून घे.”

गिऱ्हाईक खुशीत रिकाम्या हाताने परतायचं. तिचा नवरा होता तोवर कपाळाला हात लावायचा. “गिऱ्हाइकाला परत पाठवणारं दुकान उभ्या बाजारात हे एकच,” म्हणायचा. पण परत गेलेला माणूस दोन महिन्यांनी यायचाच, आणि येताना मेहुण्याला घेऊन यायचा. सतराव्या वर्षी युनलिनच्या खेड्यातून आलेली ही बाई. कारखान्यात सर्किटवर सोल्डरिंग करून डोळ्यांना चष्मा लागला, मग पुलाखालच्या जुन्या बाजारात टेबल मांडलं, नवरा गेल्यावरही गाळा चालवला, मुलीला शिकवलं. सगळं त्या ‘घे’ आणि ‘थांब’वर.

गेल्या हिवाळ्यात एजन्सीचा माणूस आला.

“नवी बारा कार्डं हवीत ना ताई? मग आधी जुनी चाळीस उचला.”

“जुनी आता कोण घेणार?”

“तेच तर सांगतोय. तुम्ही.”

बाजाराची रीतच ती. जुनी उचलल्याशिवाय नवीची आशा धरायची नाही. ताईने गाळ्याचा करार वाढवण्यासाठी बाजूला ठेवलेले पैसे काढले आणि चाळीस खोकी मागच्या फळीवर रचली. करार महिनाअखेर संपत होता. तोवर खोकी गेली नाहीत तर गाळा जाणार, हे तिला माहीत होतं आणि मला.

पण गिऱ्हाईक येई, खोकी बघे आणि म्हणे, “नवी येतायत ना? थांबतो, ताई.” तिनेच पढवलेले पोपट. कोणाला काय बोलणार?

नव्या कार्डांचा भाव जाहीर व्हायच्या आदल्या दिवशी ज्यानकाका आले. नदीपलीकडे सानचुंगला त्यांचा सायबर कॅफे. जाकिटाच्या आत हात घालून बसले होते, म्हणजे रोख घेऊन आले होते.

“तीस हवीत. नवा खेळ माझ्या जुन्या कार्डांवर अडखळतो गं. पोरं शेजारच्या गल्लीत जायला लागलीत. नववर्षाच्या सुट्टीत कमावतो तेच वर्षभर खातो मी. ही सुट्टी बुडाली तर कुलूपच. तू सांग, ही घेऊ की नव्यांसाठी थांबू?”

तीस. ताईच्या पाठीमागे चाळीस. मी समोरून ‘वीक’ म्हणून मान हलवून हलवून थकले.

“चहा घ्या काका,” ताई उठली. “मी आलेच.”

ती मागच्या गल्लीत भूमीदेवाच्या छोट्या देवळात गेली. मी गाळ्यावर फडकं टाकून तिच्या मागे. लाकडाचे दोन अर्धचंद्र तळहातांत धरून ती कौल मागत होती.

“देवा, नवी कार्डं आत्ताच्या हिरव्यांपेक्षा आणि लालवाल्यांपेक्षा परवडतील का?”

टाकले. दोन्हींच्या सपाट बाजू वर. म्हणजे देव नुसता हसला, हो नाही आणि नाहीही नाही. पुन्हा टाकले, पुन्हा हसला. तिसऱ्यांदाही तेच.

उदबत्तीवाल्या मावशीने डोकं वर काढलं. “काय विचारतेयस एवढं?”

“कार्डाचा भाव.”

“अगं, त्याला भाताचा भाव विचार. शेताचा देव तो.”

मी ताईचा दंड धरला. “देवसुद्धा सांगत नाही, मग तू कशाला सांगतेस? वीक. तीस गेली तर गाळा वाचतो.”

“मला विकायची नाहीत असं वाटतं तुला?” तिचा आवाज इतका खाली गेला की मला वाकावं लागलं. “पोरी, रात्री डोळे मिटले तरी खोकी दिसतात. पण उद्या भाव खाली आला तर ज्यानकाका मला एक शब्द बोलणार नाहीत. नुसतं यायचं बंद करतील. मग मी त्या गाळ्यात बसून काय विकू?”

परत येऊन ती उभ्यानेच म्हणाली, “काका, थांबा. सुट्टीच्या आधी विक्री सुरू होतेय. बारा माझ्याकडची, बाकीची बाजारातून जमवून देते. तेवढ्याच पैशांत दीडपट काम होईल.”

काकांचा हात जाकिटातून रिकामा बाहेर आला. “तुझ्यावर सोडलं,” म्हणाले, आणि उरलेला चहा एका घोटात संपवून निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाळे उघडायच्या आतच सगळा मजला मोबाइलवर डोळे लावून उभा. अमेरिकेतल्या रंगमंचावर भाव झळकला. ताईने सांगितला होता त्याहूनही कमी. कोणीतरी शीळ घातली. “ताईची जीभ काळी आहे,” पलीकडचा प्रिंटरवाला म्हणाला, आणि मग फळीवरची खोकी बघून स्वतःच ओशाळला.

दुपारी खालच्या मजल्यावरचा घाऊकवाला चू हात मागे बांधून आला. “चाळीसच्या चाळीस उचलतो. निम्म्या भावात.”

“निम्म्यात? मी काय कोबी विकतेय?”

“कोबी उद्यासुद्धा खातात, ताई.”

तिने दिली. करार वाढला, पण वर्षाऐवजी तीन महिन्यांचा. तेवढेच पैसे आले होते.

विक्रीच्या दिवशी एजन्सीच्या पोत्यातून बारांऐवजी दोन कार्डं निघाली.

“बाकीची?”

“मागाहून.”

“मागाहून म्हणजे कधी? माझा माणूस सुट्टीसाठी अडलाय.”

“ताई, मलाच मिळाली नाहीत तर तुम्हाला कुठून देऊ?”

रंगमंचावरचा तो भाव आमच्या मजल्यावर कोणाला दिसलाच नाही. जी थोडी आली ती बोली लावल्यासारखी गेली. थांबलेली माणसं मग जुन्यांवर तुटून पडली, जुन्यांचा भाव चढला, लालवाल्यांच्या फळ्याही रिकाम्या झाल्या. ताई जिना उतरून चूकडे धावली.

“माझी तीस परत दे. तुझा नफा ठेव, हवा तेवढा ठेव.”

चू हिशेबाच्या यंत्रावरून वर बघेना. “परवाच गेली. पार दक्षिणेला, काओश्युंगला.”

काकांचा फोन रोज यायचा. “आली का गं?” ताई म्हणायची, “उद्या काका.” फोन ठेवला की सगळ्या बाजाराला फोन लावायची, ओळखीच्यांना, भांडण झालेल्यांनासुद्धा. सुट्टी सुरू झाली त्या सकाळी फोन आला नाही. ती मात्र दुपारपर्यंत फोन हातात धरून बसली.

सुट्टी सरल्यावर आम्ही दोघी बसने नदी ओलांडून सानचुंगला गेलो. कॅफेचं शटर अर्धं खाली होतं. आतल्या तीन रांगा अंधारात, एका रांगेत दोघंजण जुनाच कुठलातरी खेळ खेळत होते. मशीनने शहाण्यासारखं वागावं म्हणून, आमच्याकडच्या समजुतीप्रमाणे, प्रत्येक संगणकाच्या डब्यावर खाऊचं हिरवं पाकीट ठेवलेलं. काकांनी ती सुट्टीसाठी नवी आणली होती.

“बसा. जेवलात का?” त्यांनी नूडल्स उकळायला ठेवले, वर अंडी फोडली.

“काका, रागवा तरी.”

“कशाला? तू भाव सांगितलास, तो खराच निघाला. सगळ्या जगाने बघितला.”

“भाव खरा होता. माल नव्हता.”

“ते काय तुझ्या हातात होतं?” त्यांनी वाडगा तिच्यापुढे सरकवला. “रविवारी बंद करतोय. घरमालकाला सांगितलंय. तुझ्याकडे एक काम होतं. ही माझी जुनी कार्डं तूच विक. दुसऱ्या कोणाकडे दिली तर मला फसवतील.”

ताईने वाडग्याला हात लावला नाही. पर्समधून स्क्रूड्रायव्हर काढला, अंधारातल्या पहिल्या रांगेशी गुडघे टेकले आणि पहिला डबा उघडला. कार्ड बाहेर काढून फुंकर मारली. धूळ तिच्याच चष्म्यावर बसली. तिने ते उलटसुलट करून बघितलं, अंगठ्याने पंखा फिरवून बघितला.

“काय येतील गं याचे?” काकांनी विचारलं. “आत्ता काढू, की महिनाभर थांबू?”

ताईने कार्डाच्या कडेची उरलेली धूळ बोटाने पुसली.

“मला नाही सांगता येत, काका.”

“अंदाजाने सांग.”

“अंदाजानेही नाही.”

काकांना वाटलं ती दमली आहे. त्यांनी नूडल्सवर ताटली झाकली आणि दिवा लावायला भिंतीकडे गेले. ताईने ते कार्ड हलकेच जमिनीवर ठेवलं, गुडघ्यांवरच सरकत दुसऱ्या डब्यापाशी गेली आणि त्याचे स्क्रू सोडवू लागली.