गिल्डचे अध्यक्ष

आमच्या शेजारच्या काकांइतका खुर्चीला चिकटून बसलेला माणूस मी राजकारणातसुद्धा पाहिलेला नाही. काका मूळचे नागपूरचे, दातांचे डॉक्टर. न्यू जर्सीतल्या आमच्या लहानशा गावात त्यांनी हयातभर लोकांना 'आ' करायला लावलं आणि रिटायर झाल्यावर बेसमेंटमध्ये पुस्तकबांधणी सुरू केली. गावात बुकबाइंडर्स गिल्ड, म्हणजे पुस्तक बांधणाऱ्यांची जुनी संघटना, होतं. त्याचे ते लवकरच अध्यक्ष झाले. जुने मेंबर एकेक करून फ्लोरिडाला किंवा देवाघरी गेले, शेवटी उरल्या फक्त काकू. तरी दरवर्षी किचन टेबलावर रीतसर निवडणूक व्हायची. एकदा काकूंनी विरोधात मत टाकलं, तर काकांनी आठवडाभर त्यांना 'विरोधी पक्ष' अशीच हाक मारली.

काकू गेल्या आणि ही लोकशाहीही संपली. म्हणून यंदा मेयरच्या डिनरला सोबत म्हणून माझी नेमणूक झाली. गावातल्या पारंपरिक व्यवसायांच्या गिल्डप्रमुखांचं हे डिनर म्हणजे काकांची दिवाळी. मुलीच्या लग्नातला टक्सिडो त्यांनी असा चढवला होता की बटणांनाही दम लागला असावा. बेकर्सना आपल्या पुढच्या टेबलावर बसवलेलं पाहून ते म्हणाले, "ब्रेड दोन दिवसांत शिळा होतो रे. पुस्तक तीनशे वर्षं टिकतं. या गावाला प्रायॉरिटीजच नाहीत!"

खरा अनर्थ पुढेच होता. मेन्यूच्या पुस्तिकेला स्टेपलरची पिन मारलेली होती. काकांनी ती किडका दात उपटावा तशी उपटली, खिशातून सुईदोरा काढला आणि मेयरचं भाषण चालू असताना मेन्यू शिवायला घेतला. मी टेबलक्लॉथखाली जायच्या विचारात होतो, तेवढ्यात बेकर्सच्या प्रमुख बाई वळल्या, "माझाही शिवून द्याल?" डेझर्ट येईपर्यंत काकांसमोर मेन्यूंची चळत लागली आणि मेयरचं ऐकणारं कुणी उरलं नाही.

जेवण झाल्यावर मेयर स्वतः आमच्या टेबलाशी आले. बिचारे फार अवघडले होते. "डॉक्टर, नियमाप्रमाणे गिल्डला निदान दोन मेंबर लागतात. दुसरं कुणी नसेल तर पुढच्या वर्षी..."

काकांनी सुईदोरा गुंडाळून खिशात ठेवला. मला राहवलं नाही. म्हटलं, "मी आहे ना. माझं नाव घाला."

काकांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तुला सुईत दोरा ओवता येतो?"

"नाही."

"मग नको. गिल्ड बंद पडलं तरी चालेल, बोगस मेंबर चालणार नाही." मेयरना त्यांनी इंग्रजीत तेवढ्याच ताठ मानेनं सांगितलं, की पुढच्या वर्षी आमची खुर्ची बेकर्सना द्या.

पार्किंग लॉटमध्ये बर्फ होता. एरवी कुणाचा हात न धरणाऱ्या काकांनी माझा दंड घट्ट धरला. गाडी आमच्या रस्त्याला लागली तसे ते खाकरून म्हणाले, "शनिवारी सकाळी मोकळा आहेस का रे? ओवायला काही फार वेळ लागत नाही. तुझ्या काकूलाही मीच शिकवलं होतं."

शनिवारी सकाळी माझ्या मुलीची सॉकर मॅच होती.

"मोकळाच आहे, काका," मी म्हणालो.