तरंगतं चुंबक आणि उजेडाचे खळगे

वडील पलूसला जनावरांच्या दवाखान्यात होते. गाईम्हशींच्या कृत्रिम रेतनाचं वीर्य गोठवून ठेवायला तिथं द्रव नायट्रोजन यायचा. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी सांगलीच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत होते. भट्टीत भाजून केलेली अतिसंवाहकाची, म्हणजे खूप थंड केली की विजेला अजिबात न अडवणारी, काळी वडी माझ्याकडे होती, पण ती थंड करायला काही नव्हतं. वडिलांनी साहेबांची परवानगी काढली आणि छोटा कॅन पायांत धरून एसटीनं आणला.

माझी जुनी वर्गमैत्रीणही त्या दिवशी आली होती. साताऱ्याच्या फौजीची मुलगी. परदेशात लेसरनं अणू थंड करायचं काम करायची, सुट्टीवर आलेली.

थर्माकोलच्या वाटीत वडी ठेवली, वर नायट्रोजन ओतला. चिमट्यानं चुंबक सोडलं, तर ते वडीला न टेकता हवेतच राहिलं. बोट लावल्यावर गरगर फिरायला लागलं.

वडील वाकून बघत राहिले. "आयला! कुणी धरलंय गं ह्याला?"

"वडीतल्या इलेक्ट्रॉनांनी, काका," मैत्रीण म्हणाली. "एरवी एकमेकांना ढकलतात, पण थंडीत जोड्यांनी न अडखळता चालतात, आणि त्यांचाच प्रवाह चुंबकाला वर धरतो."

"ढकलत्यात, तर जोडी कशी जमती?"

"ह्या असल्या वडीत ती कशी जमते, ते जगात अजून कुणालाच नीट सांगता येत नाही. प्रत्येक इलेक्ट्रॉनाचं बाकी सगळ्यांवर लक्ष! मोठ्यात मोठ्या कॉम्प्युटरलाही हे गणित झेपत नाही." मग ती माझ्याकडे वळली. "म्हणून आमच्यातले काही जण म्हणतात, गणित सोडा. लेसरचे किरण समोरासमोर सोडले की उजेडाचेच खळगे होतात, स्फटिकातल्यासारखे ओळीनं. त्यांत इलेक्ट्रॉनांच्या जागी गार अणू ठेवायचे आणि ते कसे वागतात ते बघायचं. अजून जमलेलं नाही."

"ह्या नायट्रोजनएवढे गार?" मी विचारलं.

"नायट्रोजन त्यांच्यापुढं भट्टी गं. चांदण्यांमधल्या पोकळीतही नाही एवढी थंडी, आणि ती टेबलावरच्या काचेच्या डबीत! अणूंचा तो चमकता ठिपका पहिल्यांदा पाहिला, तेव्हा पहाटेपर्यंत मी त्या डबीपुढून हलले नाही."

एवढ्यात नायट्रोजन उडून गेला आणि चुंबक अलगद वडीवर टेकलं.

"आणि एकदा वत की," वडील म्हणाले. कॅन रिकामा होईस्तोवर आम्ही तिघं तेच करत राहिलो.

पुढं काही वर्षांनी तिचा कॉलेजात फोन आला. एका प्रयोगशाळेत उजेडाच्या खळग्यांत अणू बसले होते, एका खळग्यात एक, ओळीनं. मी फोन ठेवला आणि तासाला गेले. त्या दिवशीचा धडा बाजूला ठेवून फळ्यावर ओळीनं खळगे काढले आणि एकेका खळग्यात एकेक ठिपका देत गेले.