टोक कापलेले धने

डब्यातल्या पोह्यांवर कोथिंबीर पेरताना आज हात जरा थांबला. ही आमच्या प्रयोगशाळेच्या खिडकीतल्या कुंडीतली. ओल्या टिपकागदावर धने रुजले, की आम्ही मुळाचं टोक कापून घेतो, रंगवतो आणि दोन काचांमध्ये अंगठ्याने दाबतो. सूक्ष्मदर्शकाखाली एखादी पेशी दोन होता होता थबकलेली सापडते. तिच्यात गुणसूत्रं दिसतात. धन्याचं सगळं धनेपण त्या बावीस आखूड रेघांत!

पहिल्यांदा ती नीट मोजता आली, तेव्हा मी आनंदाच्या भरात उरलेली रोपं कचऱ्यात टाकायला निघाले. आमच्या मॅडमनी अडवलं.

"अगं, टाकतेस काय? मातीत लाव."

"पण मॅडम, मुळं कापलीत त्यांची."

"टोकंच कापलीस ना? बाजूने फुटतील."

आणि फुटली की! आपल्या मुळाचं वाढतं टोक माझ्या काचेवर देऊनही ती रोपं वाढायची थांबली नाहीत. वर माझ्या पोह्यांनाही पुरली.

एक रोप मात्र मी खुडलेलं नाही. त्याला आता पांढरी फुलं आलीत. त्याचे धने टिपकागदावर नाही, थेट मातीत जातील.