बाशिंग उतरल्यावर

आमच्याकडे निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. विशीच्या आतच माझी मान डावीकडे वळू लागली. समोर बघायला जावं तर ती आपली खांद्याकडे. तेलं झाली, अंगारे झाले, मान काही ऐकेना. मग एकदा दाढी करताना न्हाव्याने हनुवटीला बोट लावलं आणि मान सरळ झाली! तो वस्तरा पाजळायला वळला, बोट निघालं, की मान पुन्हा खांद्याकडे. तेव्हापासून माझं बोट सदा हनुवटीवर. शिरड शहापूरकडचे पाहुणे मला बघायला आले, तर मुलीचे मामा म्हणाले, "पोरगं लई इचारी दिसून राहिलं." वडिलांनी हसू दाबलं आणि सुपारी फुटली.

मला मात्र घोर लागला. मुलीने मला पाहिलेलंच नव्हतं. अंतरपाट दूर होईल तेव्हा माझ्या दोन्ही हातांत हार असणार. मान फिरली तर तिला वाटायचं, याला माझं तोंडसुद्धा बघायचं नाही!

उतावळ्या नवऱ्याचं बाशिंग गुडघ्याला म्हणतात. माझं कपाळावर चढलं म्हणून मी वाचलो. मुंडावळ्यांची फुलं गालाला लागली आणि मान सरळ! जोंधळ्याच्या अक्षता पडल्या, अंतरपाट दूर झाला, आणि मी तिला डोळे भरून पाहिलं. नाचावंसं वाटत होतं.

जेवायला बसताना बाशिंग उतरवलं. नवरी माझ्या उजवीकडे. तिने घास पुढे केला आणि मान गेली डावीकडे. मी बोट लावलं, पण त्या दिवशी ती बोटालाही जुमानेना.

"नवरदेव रुसला गं!" बायका ओरडल्या. जेवताना रुसून काहीतरी पदरात पाडून घ्यायचं, ही जावयाची रीतच. सासरे धावत आले.

"काय पायजे, जावईबापू? कालवड देतो!"

"रुसलो न्हाई," मी म्हणालो. "मान फिरते माझी. तकलीफ हाय."

मामा माझ्या हनुवटीवरच्या बोटाकडे बघत राहिले. मला ताटावरून उठून पळावंसं वाटलं.

तेवढ्यात नवरी उठली. शालूला बांधलेलं माझं उपरणं सावरत पाठीमागून आली आणि माझ्या डाव्या बाजूला बसली. घास तसाच हातात.

"आता दिसते का बराबर?"

मांडवभर हसू फुटलं. कालवडही मिळाली. आणि मान सरळ करायची मला पुढे कधी घाई राहिली नाही.